सहा मिनिटं

सहा मिनिटं म्हणजे शून्य पूर्णांक एक.
विमानाच्या तासांचा हिशेब दशांशात चालतो.
इकडे मीटरचा आकडा सरकतो,
तिकडे माचाकोसला आई
शाळेच्या गणवेशाची कॉलर शिवत असते.
मी तिला कधी सांगितलं नाही
एका आकड्यात किती कॉलरी जातात.
तिनं विचारलंही नाही.
तिला गुणाकार येतो.

पहाटे साडेचारला रोंगाईहून मटाटू.
कंडक्टर मला रुबानी म्हणतो, वैमानिक,
आणि दहा शिलिंग जास्त घेतो:
विमान चालवणारीला काय कमी!
मांडीवर द्रवगतिकीची वही,
वहीत खूण म्हणून कालचा हवामानाचा कागद.
दोन्हीतलं अर्धं अर्धं वाचून होतं
तोवर उतरायची वेळ येते.

जुलैत विल्सनवर ढग येऊन बसतात
ते चहा झाला तरी उठत नाहीत.
कॅप्टन ओलूच पत्र्याखाली उभे राहून म्हणतात,
नऊपर्यंत बघू.
नऊला म्हणतात, दहा.
दहाला डॉ. वाफुलांचा तास असतो,
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.
बाहेर बाभळीवर माराबू करकोचे,
म्हाताऱ्या कारकुनांसारखे खांदे पाडून.
त्यांना ना हजेरी, ना परवाना.

गेलं अख्खं सत्र मी दोन्हीकडे उसनी होते.
वर्गात बसून खिडकीतल्या झेंड्यावरून
वारा कुठल्या बाजूचा ते बघायचं,
हजार फुटांवर गेल्यावर आठवायचं
की प्रयोगवही द्यायची राहिली.
एकदा टॉवरनं माझ्या विमानाला पुकारलं
आणि मी उत्तर दिलं, "प्रेझेंट, सर."
रेडिओवर क्षणभर काहीच नाही.
मग टॉवर म्हणाला,
"ऐकून बरं वाटलं. उतरायला तुमचा नंबर तिसरा."

मंगळवारी दहाला चाचणी होती.
मी निघालेच होते, पाठीला पिशवी लावून,
आणि आठ चाळीसला आकाश उघडलं.
असं उघडलं की न्गोंगच्या टेकड्या
हाताला लागतील.
तीन चकरा झाल्यावर कॅप्टन ओलूच खाली उतरले.
रिकाम्या खुर्चीचा पट्टा
त्यांनी स्वतः आवळून बांधला
आणि दार लावता लावता म्हणाले,
"एकच. मग ये."

त्यांचं वजन नव्वद किलो (स्वतः ऐंशी सांगतात).
तेवढं गेल्यावर विमान
नेहमीच्या खुणेच्या कितीतरी आधी उचललं गेलं.
मी अजून जमिनीवरच होते,
चाकं वर.
वळणावर खाली जिराफाची सावली,
जिराफापेक्षा लांब.
आणि मी रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं सांगत होते
वेग, उंची, वारा, वेग,
जणू ती चुकलं तर बोलणार होती.

त्याच वेळी तिकडे कुणीतरी पुकारलं,
"मुटिसो, कालोंडू?"
एका वहीत लिहिलं गेलं, गैरहजर.
दुसरीत मी लिहिलं,
विमानप्रमुख: स्वतः.
अक्षर वाकडं आलं, हात थरथरत होता.

डॉ. वाफुलांनी शून्य बदललं नाही.
मी विनवलंही, थोडंसं.
फळा पुसता पुसता त्यांनी विचारलं,
"किती मीटर आधी उचललं?"
माहीत नव्हतं.
"शुक्रवारपर्यंत काढून आण.
गुण मिळणार नाहीत."

रात्री आईला फोन केला.
पलीकडे शिलाई मशीन चालू.
"किती झालं आज?"
"एक पूर्णांक एक. त्यातलं शून्य पूर्णांक दोन..."
"म्हणजे बारा मिनिटं," ती म्हणाली.
"त्या बारा मिनिटांत शेजारी कोण होतं?"
"कुणी नाही."
मशीन थांबलं.
मी थांबले.
कुत्रं भुंकलं कुठेतरी, तिच्याकडे की माझ्याकडे.
मग ती म्हणाली, "थांब हं,
दोरा निसटलाय,"
आणि बराच वेळ
तिला तो ओवता येईना.